विटांचा हिशेब



निर्गमाच्या पाचव्या अध्यायात फारो राजाने एक क्रूर युक्ती केली. इस्रायली लोकांना विटांसाठी दिला जाणारा पेंढा त्याने बंद केला. विटांची रोजची संख्या मात्र तीच ठेवली. लोक धसकटे गोळा करीत वणवण फिरले, विटा कमी पडल्या आणि मार बसला. गाऱ्हाणे घेऊन गेलेल्यांना राजाने आळशी ठरवले.

आजच्या मोठ्या गोदामांत अनेक कामगारांच्या हाती स्कॅनर असतो. प्रत्येक वस्तूबरोबर वेळेची नोंद होते. दोन नोंदींमधले अंतर वाढले, की यंत्र त्याला रिकामा वेळ समजते. तो माणूस पाणी प्यायला गेला होता, की जड खोके उचलताना त्याची पाठ भरली होती, हे यंत्राला कळत नाही. मग वेग गाठण्यासाठी तो घाईने शिडी चढतो आणि दोघांचे ओझे एकटाच उचलतो.

मे २०२४ च्या कडक उन्हाळ्यात हरियाणातील मानेसरच्या एका गोदामात, सहा ट्रक रिकामे होईपर्यंत पाणी पिणार नाही वा शौचालयात जाणार नाही, अशी शपथ कामगारांना घ्यायला लावल्याचे वृत्त आले. जूनमध्ये राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने त्याची स्वतःहून दखल घेतली. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात १ जानेवारी २०२२ पासून कायदाच लागू झाला: जेवण, विश्रांती किंवा शौचालयाची वेळ हिरावणारे लक्ष्य गोदाम कामगारांवर लादता येत नाही.

ख्रिस्तसभेची शिकवण याबाबत स्पष्ट आहे. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली 'रेरूम नोव्हारूम' या परिपत्रकात बजावले, की शरीर आणि मन झिजून जाईल इतके काम घेणे अन्याय्य आहे. काम माणसासाठी आहे, माणूस कामासाठी नाही, हे पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ साली पुन्हा सांगितले. २०२५ साली पोप चौदावे लिओ यांनी हे नाव घेतले, तेही कृत्रिम बुद्धिमत्तेच्या युगात श्रमिकांच्या प्रतिष्ठेची आठवण ठेवूनच.

निर्गमातील एक गोष्ट मात्र आपण विसरतो. विटा मोजणारे मुकादम इस्रायलीच होते! वरून मार, खाली आपलीच माणसे. आपल्यापैकी जे सुपरवायझर आहेत, त्यांची अवस्था वेगळी नाही. तरीही ते मुकादम फारोपुढे जाऊन बोलले. तेवढे धैर्य आपण दाखवतो का? आणि आपण ग्राहक? मागवलेली वस्तू उद्याच हवी, असा हट्ट धरताना आपणही पेंढा काढून घेत नाही ना?

देवाने शब्बाथ दिला तो मालकासाठीच नव्हे. दास, दासी आणि बैलालाही त्या दिवशी विसावा होता. आज वेदीवर आपण जी भाकर अर्पण करणार आहोत, ती मानवी श्रमांतूनच आली आहे. ते श्रम करणाऱ्या हातांची आठवण ठेवून ती अर्पण करू या. प्रभू आपणांस तशी बुद्धी देवो. आमेन.