बंद दाराच्या आंत

शास्त्रपाठ : निर्गम १२:१-२८, योहान २०:१९-२९



मिसर देशांतील त्या शेवटल्या रात्रीची गोष्ट आपण मंडळींत पुष्कळदां ऐकिली आहे. दाराच्या दोन्ही बाह्यांस व कपाळपट्टीस कोंकराचें रक्त लाविलें, बेखमीर भाकर व कडू भाजी ह्यांबरोबर भाजलेलें मांस खाल्लें, आणि बाहेर मरण फिरत असतां खुणेचीं घरें वांचलीं, इतकें शब्बाथ शाळेंतील मुलांसही पाठ असतें. परंतु त्याच अध्यायाच्या बाविसाव्या वचनांत मोशेनें इस्राएलाच्या वडिलांस आणखी एक ताकीद दिली आहे. पहाट होईपर्यंत कोणीं आपल्या घराच्या दाराबाहेर जाऊं नये. हें वचन मीं मिशनच्या पाठशाळेंत वाचलें होतें, पुढें त्यावर उपदेशही केले होते. पण तें मला उमजलें २०२० सालच्या चैत्रांत, जेव्हां आपल्या सर्वांचींच दारें लागलीं.

२४ मार्चच्या मध्यरात्रीपासून टाळेबंदी सुरू झाली. दुसरा दिवस गुढीपाडव्याचा. आमच्या शेजाऱ्यांनीं वर्षाचा पहिला महिना घरांत बसूनच आरंभिला, आणि वल्हांडणाचा महिनाही देवानें इस्राएलास वर्षाचा पहिला म्हणूनच दिला होता हें मला आठवलें. एकवीस दिवस म्हणतां म्हणतां ३ मे आला, मग १७ मे, मग महिनाअखेर. पालघर, उमरोळी, बोईसर, वाणगांव, डहाणू रोड ह्या स्थानकांवरून मुंबईकडे लोटणारी माणसांची गर्दी नाहींशी झाली. तारापूरच्या औद्योगिक वसाहतींत अत्यावश्यक मालाचे कारखाने सोडले तर बहुतेक यंत्रें थांबलीं. १० एप्रिलचा उत्तम शुक्रवार व १२ एप्रिलचा पुनरुत्थानाचा रविवार हे दोन्ही दिवस मंदिराचें कुलूप निघालें नाहीं.

'घरांत राहा' हा शब्द सर्वांस सारखाच सांगितला गेला. घरें मात्र सारखीं नव्हतीं. आमच्या जिल्ह्याच्या उत्तरेस, डहाणू-तलासरीकडे धुंदलवाडीच्या आसपास, नोव्हेंबर २०१८ पासून जमीन हादरत आली होती. तेथील लोक भिंत अंगावर पडेल ह्या भयानें घराबाहेर तंबूंत निजत असत. त्यांस एका भयानें घराबाहेर काढिलें आणि दुसऱ्यानें पुन्हां आंत जा म्हटलें. बोईसरच्या चाळींत तर निराळीच गत होती. एका खोलींत आठ कामगार राहत, ते पाळ्यांप्रमाणें आळीपाळीनें निजत. कारखाने बंद पडतांच आठही जण एकदम घरीं आले, आणि निजावयास जागा चौघांचीच. ज्या उपदेशकांनीं त्या दिवसांत घराच्या शांतीवर सुंदर भाषणें केलीं, त्यांनीं ही खोली पाहिली नसावी.

दिवस मोठे होते आणि करावयास कांहीं नव्हतें. २८ मार्चपासून दूरदर्शनवर रामायणाची जुनी मालिका पुन्हां दाखवूं लागले, तेव्हां ज्या घरीं दूरचित्रवाणी होती तेथें सारें कुटुंब वेळेवर बसे. कोणीं कॅरम काढिला, कोणीं पत्ते. कांहीं विश्वासी बंधूंस हें रुचलें नाहीं; मरीच्या दिवसांत हसणें-खेळणें हा देवाचा अवमान आहे, असें एकानें मला लिहून कळविलें. मला तसें वाटत नाहीं. शौलाचें मन पिसाळलें तेव्हां दावीदानें त्यास उपदेश केला नाहीं, वीणा वाजविली. आमच्या एका सुवार्तिकानें आपल्या पाड्यावर मुलांस गेरूनें सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानें चित्रें काढावयास बसविलें. वारली घरांत ही कला आजीपासून नातीपर्यंत चालत आलेली आहे, ती शिकवावी लागली नाहीं. नोहाचें तारूं त्या भिंतीवर अद्याप आहे. तारवांत हत्ती नाहीं, कारण मुलांनीं हत्ती पाहिला नव्हता. बैल, कोंबडा, खेकडा आणि मोर मात्र आहेत, आणि तारवाच्या दाराशीं एक म्हातारा तारपा वाजवीत आहे. मीं हें चित्र प्रथम पाहिलें तेव्हां, नोहानें तारपा वाजविला असें शास्त्रांत नाहीं, असें म्हणणार होतों. बरें झालें, गप्प राहिलों.

पण दार लावून घेतलें तरी एक वाट उघडीच राहिली होती. ती प्रत्येकाच्या खिशांत होती. मोबाईलवर गाणीं आलीं, दूरच्या नातलगांचे आवाज आले, प्रार्थनाही आल्या; ह्या सर्वांबद्दल मी देवाचे आभार मानितों. त्याच वाटेनें अफवाही आल्या. रात्रीं चोर फिरतात, मुलें पळवितात, असें गांवोगांव पसरलें आणि लोक काठ्या घेऊन पहारे देऊं लागले. पुनरुत्थानाच्या रविवारानंतर चवथ्या दिवशीं, १६ एप्रिलला, आमच्याच जिल्ह्यांतील गडचिंचले येथें जमावानें दोन साधूंस व त्यांच्या गाडीचालकास जिवें मारिलें. ते एका अंत्यविधीस सुरतेकडे निघालेले वाटसरू होते. त्या घटनेवर पुढें पुष्कळांनीं पुष्कळ कांहीं म्हटलें. मला येथें इतकेंच म्हणावयाचें आहे कीं, भय घरांत बसून राहत नाहीं. त्यास कोणीं आवरलें नाहीं तर तें रात्रीं उठून बाहेर जातें आणि अनोळखी मनुष्यास शत्रु ठरवितें. ती बातमी कळली त्या रात्रीं मला उपासना घेतां आली नाहीं.

उपासनेचें म्हणाल तर माझी स्वतःची गोष्ट सांगितली पाहिजे, ती सांगण्यास लाज वाटते तरी. टाळेबंदी लागतांच मीं घरीं रोज सायंकाळीं कौटुंबिक उपासना सुरू केली. शास्त्रपाठ, विवेचन, प्रार्थना, सारें यथाविधि. चवथ्या सायंकाळीं माझ्या धाकट्या मुलीनें, ती तेव्हां नऊ वर्षांची होती, विचारिलें, “बाबा, तुम्ही देवळांत बोलतां तसेंच आमच्याशीं कां बोलतां?” तिची आई हंसली, आणि मग हंसावयाची थांबली. मंडळींतील कोणत्या घरीं कोणाचे गुडघे दुखतात, कोणाचा मुलगा दारू पितो, कोणाची सून रुसून माहेरीं गेली आहे, हें सर्व मला ठाऊक होतें. माझ्या मुलीस काळोखाची भीति वाटते आणि ती पांघरुणांत तोंड घालून निजते, हें मला ठाऊक नव्हतें. वीस वर्षें मी इतरांच्या घरीं सांत्वन पोंचवीत हिंडत होतों.

तेव्हां मीं पुस्तक मिटलें आणि तिला विचारिलें, तुला काय विचारावयाचें आहे? ती म्हणाली, “तो आजार आपल्या घरावरून निघून जाईल ना? आपण पण दाराला खूण करायची का?”

बंधूंनो, निर्गमाच्या बाराव्या अध्यायाचें सव्विसावें वचन पाहा. वल्हांडणाचा विधि पुढच्या पिढ्यांस लावून देतांना मोशे असें धरून चालतो कीं मुलें विचारतील, ह्या विधीचा अर्थ काय? म्हणजे मुलाचा प्रश्न हा त्या सणाचाच भाग आहे, आणि वडील मनुष्यानें त्यास उत्तर द्यावयाचें आहे. मला तर खोटें उत्तर देणें फार सोपें होतें. त्या दिवसांत कित्येक विश्वासी जनांनीं दाराला तेलाचा क्रूस काढिला होता, आणि आतां आम्हांस कांहीं होणार नाहीं, असें ते म्हणत. मला तें पाहून वाईट वाटे. १९१८ सालच्या एन्फ्लुएंझांत हिंदुस्थानांत एक कोटीहून अधिक माणसें मेलीं. त्यांत प्रार्थना करणारीं होतीं आणि न करणारींही होतीं. २०२१ च्या उन्हाळ्यांत, दुसऱ्या लाटेंत, प्राणवायूसाठीं लोक दारोदार फिरले, तेव्हां आमच्या मंडळींतील घरेंही सुटलीं नाहींत. मुलीला मीं म्हटलें, “येईल कीं नाहीं, मला ठाऊक नाहीं. आला तरी आपण चौघें मिळून असूं, आणि प्रभु आपल्यामध्यें असेल.” मग तिला योहानाच्या विसाव्या अध्यायांतील ती खोली सांगितली. शिष्य भिऊन दारें लावून बसले होते. येशू आला, मध्यें उभा राहिला. भितां कां म्हणून तो रागावला नाहीं. त्यानें आपले घाव दाखविले. आठ दिवसांनीं तो पुन्हां आला, तेव्हांही दारें लावलेलींच होतीं. हें ऐकून ती म्हणाली, म्हणजे ते एकदां भेटूनसुद्धां भीतच होते? मीं म्हटलें, होय. त्या रात्रीं ती तोंड उघडें ठेवून निजली.

आतां चवथें वचन. कोंकरूं खाण्यास घरचीं माणसें थोडीं असतील तर शेजारच्या घराबरोबर वाटून घ्यावें, असें देवानें सांगितलें. मरण दाराशीं असतां, बाहेर पडण्याची बंदी असतां, शेजाऱ्याची मोजदाद चुकवावयाची नव्हती. त्यास घरांत घेऊन एका ताटास बसवावयाचें होतें. आमच्या वेळीं शेजाऱ्यास आंत घेण्याचीही मनाई होती. मग काय करावें?

बोईसरच्या चाळींत आमच्या मंडळीची एक विधवा बहीण राहते. अर्धी वीट आणि वर पत्रा अशी तिची भिंत. पलीकडे बिहारचे सात कामगार. त्यांचे रेशनकार्ड गांवीं, म्हणून येथील दुकानांत त्यांस धान्य मिळेना. बाईंस सरकारचे माणशीं पांच किलो मोफत तांदूळ मिळाले, तेही एकटीचेच. त्यांतले थोडे ती रोज शिजवून दाराबाहेर उंबऱ्याजवळ ठेवी आणि भिंतीवर थाप मारी. रात्रीं ती एकटीच भजन गाई. मराठी त्या मुलांस नीट कळत नव्हतें. एके दिवशीं तिला कणकण होती, म्हणून ती गायली नाहीं, तेव्हां पलीकडून थाप आली आणि कोणीं तरी विचारिलें, “मौसी, आज गाना नहीं?” मग तिकडूनच त्यांच्या गांवचें कांहीं गाणें सुरू झालें. बाई मला म्हणाली, “पाळकसाहेब, तें कशाचें होतें देव जाणे, पण मला झोप लागली.”

मे महिन्यांत श्रमिक रेलगाड्या सुटल्या, तेव्हां ते सातही जण गेले. जातांना त्यांनीं उरलेलें मीठ, अर्धी बाटली तेल आणि एक पातेलें बाईंच्या उंबऱ्यावर ठेविलें. त्या खोलींत आतां दुसरे कामगार आहेत. परवां मी तेथें प्रार्थनेस गेलों होतों. नेहमींप्रमाणें हळू आवाजांत आरंभ केला, तेव्हां बाईंनीं मला मध्येंच थांबविलें. म्हणाल्या, “जरा मोठ्यानें म्हणा, भिंतीपलीकडे ऐकूं जात नाहीं.”