खुरप्याचा दांडा

आमच्या गोठ्यात आढ्याला एक तिफण अजून अडकवलेली आहे. बाभळीचं लाकूड, तीन फण, वर चाडं. गावी आलेला पाहुणा तिच्याजवळ उभा राहून फोटो काढतो आणि म्हणतो, काय साधं आणि शहाणं अवजार! खरंच आहे ते. आई चाड्यावर मूठ धरायची तेव्हा तिन्ही नळ्यांतून ज्वारी सारखी पडायची. बैलांची चाल वाढली की मूठ आपोआप सैल व्हायची. ते माप कुठे लिहिलेलं नव्हतं, तिच्या बोटांत होतं.

खुरप्याजवळ मात्र कुणी फोटो काढत नाही.

वाकडं पातं आणि मुठीत मावेल एवढा दांडा. ते चालवायचं तर उकिडवं बसून दिवसभर पुढे सरकायचं. दोन ओळींमधलं तण कोळपं काढतं. ते बैल ओढतात, मागचा माणूस ताठ चालतो. रोपाला बिलगलेलं तण बायांच्या वाट्याला येतं. कुणी उभं राहायचं आणि कुणी बसायचं, हे दांड्याच्या लांबीनेच ठरून गेलेलं. यंत्र माणसाला राबवतं आणि हातातलं अवजार त्याला मोकळं ठेवतं, असं मीही पूर्वी ऐटीत बोलत असे. आई उठताना आधी जमिनीला हात टेकते, हे रोज दिसत असूनही.

कॅलिफोर्नियात लेट्यूस आणि बीटच्या शेतांत मेक्सिकन मजुरांना आखूड दांड्याचं खुरपणं वापरावं लागे. मालक म्हणत, लांब दांड्याने विरळणी नीट होत नाही. मजूर वेगळं सांगत: पाठ सरळ केलेला माणूस मुकादमाला लांबून दिसतो, म्हणून दांडा आखूड. १९७५ मध्ये त्या अवजारावर बंदी आली. लेट्यूस पुढेही पिकत राहिलं.

हे वाचून मी लोहाराकडून खुरप्याला कमरेएवढा दांडा बसवून आणला. आईने एक ओळ केली आणि परत दिला. "उभ्यानं रोप कुठलं न् गवत कुठलं, दिसतंय का? डोळा खाली न्यावाच लागतो." मालकांचाच युक्तिवाद, जवळजवळ त्याच शब्दांत. फक्त इथे बोलणारीची पाठ तिची स्वतःची होती. या फरकाने युक्तिवाद खरा ठरतो का? की चाळीस वर्षं बसलेल्या माणसाला बसणंच कौशल्य वाटायला लागतं? तिच्या हाताखाली कोवळं रोप कधी कापलं गेलेलं मी पाहिलं नाही, त्यामुळे दुसरं उत्तर द्यायला जीभ रेटत नाही.

यंदा शेजारच्यांनी सोयाबीनवर तणनाशक मारलं. खुरपणीच्या बायांना सांगावा गेलाच नाही. पाठी वाचल्या, हजेरी बुडाली. त्यांतल्या दोघी आमच्याकडे विचारायला आल्या, रान आहे का म्हणून. आईने हो म्हटलं आणि मला आतून खुरपी आणायला लावली. लांब दांड्याचंही मी घेऊन आलो. ते कुणीच उचललं नाही.