कल्पित गोष्टी आणि खरा शेजारी

प्रौढ विश्वासणाऱ्याने कथा-कादंबऱ्या वाचण्यात वेळ घालवावा काय, हा प्रश्न आमच्या मंडळ्यांत जुना आहे. मुले गोष्टीचे पुस्तक घेऊन बसली तर कौतुक होते. पण पन्नाशी उलटलेल्या मनुष्याच्या हाती कादंबरी दिसली की 'यातून मिळते काय?' असे विचारले जाते. या विचारण्याकडे जरा निरखून पाहावे, असे आम्हांस वाटते.

हैदराबादेत आमच्या विद्यानगरात मराठी घरांतून 'चांदोबा' येत असे. मद्रासेहून १९४७ साली तेलुगूत 'चंदमामा' निघाला व १९५२ साली त्याचाच मराठी 'चांदोबा' सुरू झाला. शेजारच्या तेलुगू घरात तीच चित्रे, तीच वेताळाची गोष्ट. लिपी तेवढी निराळी. राजा विक्रम प्रेत खांद्यावर टाकून निघाला की आम्ही मुलेही त्याच्यामागून स्मशानातून चालू लागत असू. बोध काय घ्यावा, हे कोणी विचारीत नसे. पुढे परीक्षा आल्या, नोकरी आली, संसार आला, पंचकमिटीचे वृत्तांत आले आणि वाचन उरले ते कामापुरते. तो 'चांदोबा'ही आता बंद पडला आहे.

नोकरीतून मोकळे झाल्यावर आम्ही काहीजण पुन्हा कादंबऱ्यांकडे वळलो. प्रथम मन लागत नाही. हात आपोआप पेन्सिल शोधतो. एखादे वाक्य संदेशात उपयोगी पडेल म्हणून उतरून घ्यावेसे वाटते. (उपदेश करणाऱ्यांची ही खोड लवकर सुटत नाही.) मग केव्हातरी पेन्सिल बाजूला राहते, आणि ज्याचा आपल्याशी काडीचा संबंध नाही अशा माणसाच्या काळजीने रात्रीचे अकरा वाजतात. लहानपणीचे वाचन ते हेच. त्यात आपल्याला स्वतःसाठी काही नको असते. फक्त त्या माणसाचे काय झाले ते कळायला हवे असते.

येथे संत ऑगस्टीन यांचा आक्षेप आठवतो. इ. स. ४०० च्या सुमारास लिहिलेल्या आपल्या आत्मनिवेदनात ते सांगतात, की लहानपणी व्हर्जिलच्या काव्यातील डायडो राणीच्या मरणावर आपण रडलो, पण देवापासून दुरावलेल्या स्वतःच्या जिवासाठी डोळ्यांत टिपूसही आले नाही. हा आक्षेप हलका नव्हे. कल्पित दुःखावर रडून मन स्वस्त समाधान मिळवते, आणि दाराशी आलेली भांडीवाली आगाऊ पगार मागते तेव्हा तेच मन कोरडे असते. असे होते, आणि वाचणाऱ्यांच्या घरीही होते.

तरीही नाथान संदेष्टा दाविदाकडे गेला तेव्हा त्याने आज्ञा वाचून दाखविल्या नाहीत. एका गरिबाच्या एकुलत्या एक मेंढीची गोष्ट सांगितली, तीही रचलेली. राजाचा संताप खरा होता, कारण त्या घटकेस त्याला त्यात आपला बचाव करावयाचा नव्हता. न्याय तोंडातून निघून गेल्यावर नाथानाने बोट त्याच्याकडे वळविले. गोष्ट येथवर आणते. बोट वळविणारा मात्र लागतो, आणि ऑगस्टीन यांना जे खटकले ते त्याच्या अभावामुळे, असे आमचे मत आहे.

आमच्याच मंडळीतील बाबा पदमनजी यांनी १८५७ साली 'यमुनापर्यटन' लिहिले. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून तिचे नाव घेतले जाते. विधवाविवाहाचा कायदा त्याच्या आदल्याच वर्षी, १८५६ साली झाला होता. कायद्याने परवानगी दिली. पण ज्यांच्यासाठी ती दिली त्या बायकांचे घरातले जिणे कायद्याच्या कलमांतून कोणास दिसणार? यमुना व विनायक प्रवासास निघतात, विधवांच्या हकिकती त्यांच्या कानी येतात, आणि वाचकही त्यांच्याबरोबर ऐकत बसतो. पुस्तकात उपदेश पुष्कळ आहे व काही ठिकाणी तो कंटाळवाणा होतो. लक्षात राहतात त्या बायका.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांशी यासंबंधी आमचे थोडे भांडण आहे. गोष्ट संपते न संपते तोच आपण 'तर मुलांनो, यावरून आपण काय शिकतो?' म्हणून फळ्याकडे वळतो. उधळ्या पुत्राच्या दाखल्यात प्रभूने तसे केले नाही. बाप बाहेर येऊन थोरल्या मुलाची समजूत घालतो, आणि दाखला तेथेच थांबतो. वर्गात एखादे मूल हमखास विचारते, "मग तो थोरला भाऊ आत गेला का?" आपण घड्याळाकडे पाहतो आणि सोनेरी वचन पाठ करावयास सांगतो. ते मूल मात्र घरी जाईपर्यंत त्या भावाबरोबर अंगणातच उभे असते.