रेघेमागून रेघ

डच धर्मोपदेशक व्हॅलेंटाइनच्या ग्रंथातलं शिवाजी महाराजांचं चित्र समोर घ्या. फोनवर असलं तरी चालेल, मात्र मोठं करून. रोवणी आटोपली असेल, बाहेर पाऊस लागला असेल, तर याहून चांगली वेळ नाही.

गालापाशी थांबा. इथे रंग नाही. दुरून सावली वाटते ती जवळून पाहिली की बारीक रेघा होतात. अंधार हवा तिथे त्या दाट, एकमेकींना छेदणाऱ्या. उजेडाकडे विरळ होत जातात. श्वास सोडा. एकच रेघ धरा आणि ती संपेल तिथवर तिच्यासोबत जा.

तांब्याच्या पत्र्यावर कोरणीने ओढलेली रेघ ही. पत्र्यावर चेहरा उलटा कोरायचा, खाचांत शाई भरायची, वरची पुसायची, ओलसर कागद ठेवून रुळांखाली दाबायचं. मग चेहरा सुलटा उमटतो. फ्रान्समध्ये ही कला फार उंचीला गेली. रिगोने १७०१ मध्ये रंगवलेला चौदावा लुई पिएर द्रेव्हेने असाच तांब्यावर उतरवला. मखमल, केस, त्वचा, सगळं रेघांच्या जाडीवर आणि अंतरावर!

महाराज १६८० मध्ये गेले. व्हॅलेंटाइनचा ग्रंथ १७२४ ते १७२६ या काळात निघाला. कोरणाऱ्यापुढे महाराज नव्हते, इकडच्या कुणा चित्रकाराचं काम होतं. इतिहासकार वा. सी. बेंद्रे यांनी १९३३ मध्ये हे चित्र लोकांपुढे आणलं. तोवर इटालियन प्रवासी मनुचीच्या ग्रंथातला इब्राहिमखानाचा चेहरा महाराजांचा म्हणून चालत होता. नक्कल म्हणजे दुय्यम, हे मला पटत नाही. आपल्या राजाचा चेहरा आपल्याला नकलेनेच परत दिला.

आता कपाळाकडे या. उजेड दिसतो तिथे कोरणी लागलेलीच नाही, तो कोरा कागद आहे. आपल्या जंगलातला बांबू बल्लारपूरच्या गिरणीत शिजून कागद होतो. त्या कागदावर हे चित्र छापलं, तर हा उजेड आपल्या बांबूचा. इथे हवं तितकं थांबा.

मन लागलं असेल तर बाबूराव शेडमाके यांचं चित्र घ्या. मोलमपल्लीचे तरुण जमीनदार. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी इंग्रजांनी त्यांना चंद्रपूरच्या तुरुंगात फाशी दिली, तेव्हा वय अवघं २५. हा चेहरा कुणी काढला असेल, कशावरून, कुणाच्या आठवणीतून? घाई नको. भुवयांपासून सुरुवात करा.