संसार केला, देवाचं काय केलं?

वडिलांच्या तेराव्याला पंगती उठल्यावर नात्यातल्या एक आजी सहज म्हणाल्या, "राबला हो बिचारा जन्मभर! पण नुसता संसारच केला, देवाचं काही झालं नाही त्याच्या हातून." त्यांच्या मनात वाईट नव्हतं. तरी ते बोलणं काट्यासारखं रुतून बसलं. आज दत्तजयंतीच्या निमित्ताने ते आपल्यासारख्या भाविकांपुढे ठेवतो.

आमचं घर टिटवाळ्याचं. वडील मुंबईला गिरणीत होते. पहिल्या पाळीसाठी पहाटे अंधारातच स्टेशन गाठायचे. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि ती नोकरी गेली ती गेलीच. घरात आम्ही चार भावंडं. त्यांनी एका लहानशा कारखान्यात रात्रपाळी धरली, आणि संकष्टी-अंगारकीला महागणपतीच्या वाटेवर दूर्वा नि जास्वंदीचे हार घेऊन बसू लागले. गुरुचरित्राचा सप्ताह त्यांना कधी जमला नाही. सात दिवसांची सुट्टी देणार कोण? बाहेर पडताना दत्ताच्या तसबिरीला हात जोडायचे, बस्स.

मग आजींचं खरं मानायचं का? अवधूताच्या चोवीस गुरूंमध्ये एक कपोत आहे. पिल्लं जाळ्यात सापडली, पाठोपाठ कपोती गेली, आणि त्यांच्याविना जगून काय करू म्हणून त्यानेही जाळ्यात उडी घेतली. संसारात गुंतू नका, हे त्यावरून आपण ऐकत आलो. पण त्याने पिल्लांना चारा भरवला, हा काही त्याचा दोष नव्हे. त्यांच्यापलीकडे त्याला दुसरं काही दिसेना, हा दोष.

गुरुचरित्राच्या ४७ व्या अध्यायात गाणगापूरचा शेतकरी आहे. श्रीगुरू शेतावरून जाता-येता त्यांना नमस्कार करायचा आणि आपल्या कामाला लागायचा. श्रीगुरूंनी त्याला 'आधी शेत सोड' असं म्हटलं नाही. त्याच शेतात त्याला कृपेची प्रचीती दिली.

तरीही एवढ्यावरून 'कष्ट हीच भक्ती' म्हणून मोकळं होता येत नाही. कष्ट तर चोरही करतो. जनार्दनस्वामी देवगिरीचे किल्लेदार आणि थोर दत्तभक्त. त्यांच्याकडे नाथांची गोष्ट सांगतात, ती आपणा सर्वांना ठाऊक आहे. एका पैची चूक शोधत नाथ रात्रभर हिशेबाच्या वह्या घेऊन बसले. चूक सापडल्याचा त्यांचा आनंद पाहून स्वामींनी सुचवलं, की हीच एकाग्रता देवाकडे वळव. म्हणजे काम कोणतं यापेक्षा मन कुठे वळलेलं आहे, हे महत्त्वाचं.

वडिलांचं मन कुठे होतं? मला एकच आठवतं. दूर्वांची जुडी बांधताना ते एकवीस मोजायचे, आणि मोजून झाल्यावर पुन्हा मोजायचे. उरलेली जुडी दुसऱ्या दिवशी कधी विकली नाही. आई म्हणायची, "अहो, पाणी मारलं की ताजी दिसेल, कोण बघतंय?" ते म्हणायचे, "गिऱ्हाईक नाही बघत गं. पण देवाच्या डोक्यावर जायची आहे ती." त्या दिवसांत घरात दोन रुपयांचीही ओढाताण असायची, हे लक्षात घ्या. पोरांच्या तोंडचा घास आणि देवाशी खरेपणा, दोन्ही त्यांनी त्या एका टोपलीत सांभाळलं. कपोताला जे दिसलं नाही ते त्यांना दिसत होतं, असं मला वाटतं.

आजींना उत्तर मिळालं म्हणून मी समाधान मानलं असतं. पण 'वडिलांचे कष्ट हेच त्यांचं तप' असं म्हणणं आम्हा मुलांच्या फार सोयीचं आहे. त्यांच्या घामावर वाढलो ते आम्हीच. त्यांना एकदा गाणगापूरला जायचं होतं. मी नोकरीला लागल्यावर म्हणालो, "पुढच्या वर्षी नक्की." अशी पुढची वर्षं बरीच गेली. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. मागायची सवयच नव्हती त्यांना.

म्हणजे देवाचं राहिलं ते त्यांच्या हातून नव्हे, माझ्या हातून. हिशेबात चुकलेली ती पै माझ्या वहीत होती. मागच्या वर्षी आईला घेऊन गाणगापूरला जाऊन आलो. संगमावर तिने वडिलांच्या नावाने एक बुडी जास्त मारली. चूक त्याने भरून आली असं मी म्हणत नाही. पण ज्यांच्या घरी असा एखादा राबणारा जीव अजून आहे, त्यांनी 'पुढच्या वर्षी' म्हणू नये, एवढीच हात जोडून विनंती.

॥ अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥