नाम, नाव आणि पाटी



प्रश्न तसा क्षुल्लक दिसतो. दुकानदाराने आपल्या दुकानावर पाटी केवढी लावावी? ह्यात परमार्थाचा संबंध काय, असे कोणी विचारील. पण गावोगाव ह्याच गोष्टीवरून तंटे होतात, शेजारी शेजाऱ्याशी बोलेनासा होतो. जेथे माणसाचे मन माणसापासून तुटते, तेथे परमार्थाचा संबंध येतोच.

लोणखेडा-शहादे भागातल्या मंडळींना प्रकाशे ठाऊक आहे. तापी-गोमाईचा संगम, काठावर केदारेश्वर. लोक त्याला दक्षिणकाशी म्हणतात. १९५५ च्या सुमारास पुरातत्त्व खात्याने तेथे उत्खनन केले, तेव्हा तीन हजार वर्षांहून जुन्या वस्तीच्या खुणा सापडल्या. अशा पुरातन गावी यात्रेकरू येतो तो दुरून कळस शोधीत येतो. कळस दिसला की हात आपसूक जोडले जातात. त्या नजरेच्या आड लोखंडी सांगाडा आणि त्यावर ताणलेला फ्लेक्स आला, तर कोणाचे काय गेले? पैशात मोजावे तर काहीच नाही. पण जे सर्वांचे होते, ते एकाने न विचारता घेतले. वाट, सावली, वारा आणि कळसाचे दर्शन ह्यांचे खाते कोणाच्याच नावावर नसते. म्हणून त्यांची चोरी चोरी वाटत नाही, इतकेच.

आता दुकानदाराची बाजूही ऐकली पाहिजे. तो म्हणतो, “महाराज, पाटी नाही तर गिऱ्हाईक नाही, आणि गिऱ्हाईक नाही तर चूल नाही.” हे खोटे नव्हे. आपल्या संप्रदायाने धंद्याला कधी हीन मानले नाही. गोरा कुंभार, सावता माळी, नरहरी सोनार, सेना न्हावी, अशी आपल्या संतांची नावेच त्यांच्या उद्योगासह आपल्या जिभेवर आहेत. तुकोबांच्या घराण्यात तर वाण्याचा व्यवसाय होता. तेव्हा पाटी लावणे हे पाप नव्हे. वाटसरूला तहान लागली तर पाणी कोठे मिळेल, हे त्याला कळले पाहिजे. पाटी ही मुळात त्याची सेवा आहे.

मग बिघडते कोठे? जोवर पाटी वाचणाऱ्यासाठी असते, तोवर ती सेवा. वाचता येईल एवढे अक्षर झाल्यावरही ती वाढत गेली, की ती वाचणाऱ्यासाठी उरत नाही. ती शेजाऱ्याला झाकण्यासाठी होते. एकाने चार फुटांची लावली म्हणून दुसऱ्याने सहाची, दुसऱ्याची पाहून तिसऱ्याने दहाची. शेवटी कोणाचीच दिसत नाही, आणि खर्च मात्र सर्वांच्या माथी. अहो, सगळेच ओरडू लागले तर ऐकू कोणाचे यावे?

ही चढाओढ कोठवर जाते ते आपण पाहिले आहे. १३ मे २०२४ रोजी मुंबईत घाटकोपर येथे वादळात एक प्रचंड जाहिरात-फलक पेट्रोल पंपावर कोसळला आणि १७ माणसे प्राणास मुकली. महापालिकेची मर्यादा ४० फूट बाय ४० फुटांची. हा फलक १२० बाय १२० चा होता. कायदा नव्हता असे नाही. मालमत्तेच्या विद्रूपीकरणाला प्रतिबंध करणारा कायदा महाराष्ट्रात १९९५ पासून आहे. साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशनच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०१७ रोजी बेकायदा फलक काढण्याविषयी सविस्तर आदेश दिले. तरी २०२४ मध्येही न्यायालयाला पुन्हा नाराजी व्यक्त करावी लागली. कायदा फलक उतरवील. पण तो चढविण्याची हौस मनातून कशी उतरवील?

येथे एक अडचण मात्र टाळता येत नाही. “सर्वांच्या पाट्या लहान करा” असे म्हणणे पेठेतल्या जुन्या शेठजींना सोपे आहे. त्यांना सगळा गाव ओळखतो. मागच्या बोळात परवा दुकान मांडलेल्या विधवा बाईने काय करावे? तिची पाटी लहान केली तर तिचे दुकानच नाहीसे झाले. म्हणून नुसती मर्यादा घालणे हा न्याय नव्हे. ग्रामसभेत बसावे, सर्वांना सारखे माप ठरवावे, आणि बोळाच्या तोंडाशी गावाच्या खर्चाने एक फलक उभारून आतल्या सर्व दुकानांची नावे सारख्या अक्षरांत लिहावी. पहिली पाटी मोठ्याने उतरवावी. धाकट्याकडून त्याग मागण्याचा अधिकार त्याला त्यानंतरच. दिंडीत नाही का प्रत्येकीचा क्रम ठरलेला? मागची दिंडी पुढचीला ढकलीत नाही, म्हणून सगळ्या पंढरीला पोचतात.

आणि रात्री जाऊन कोणाची पाटी फाडू नये. दिवसा त्याच्या दारी जावे, त्याला माउली म्हणून नमस्कार करावा आणि मग बोलावे.

पण हे सांगायला जाण्यापूर्वी सांप्रदायिकांनी आपल्या मंडपाकडे पाहावे. हरिनाम सप्ताहाच्या फलकावर कीर्तनकार केवढे, देणगीदार केवढे आणि विठोबा केवढा? पुष्कळ ठिकाणी पांडुरंग वरच्या कोपऱ्यात तळहाताएवढा उभा असतो. हे पाहून दुकानदाराने विचारले, “काय हो, तुमचे नाव मोठे चालते, मग माझेच का नको?” तर उत्तर काय देणार?

आपल्याकडे नावाची रीत निराळी होती. ज्ञानोबांनी बहुतेक अभंगांच्या शेवटी स्वतःचे नाव न घालता रखुमादेवीवराची मुद्रा घातली. नाथांनी आपल्या नावाला गुरूंचे, जनार्दनस्वामींचे नाव जोडले. आणि नामदेवराय? परंपरा सांगते की, संतांचे पाय लागावेत म्हणून त्यांनी महाद्वाराची पायरी मागितली. समोरच चोखोबांची समाधी. ज्याने सर्वांच्या पायाखालची जागा मागितली, त्याच्या पायरीवर आज पाय द्यायला कोणी धजत नाही. लोक वाकून माथा टेकतात.

नाम घ्यावे ते मोठ्याने, नाव लिहावे ते बेताने. गावाची नजर मोकळी ठेवणे हीदेखील सेवाच आहे.

रामकृष्ण हरि.