परसातली जागा

गेल्या दिवाळीच्या आधी, घरात चकल्यांचा घाणा चालू असताना, माझी भाची आली. तिने बँकेतली नोकरी सोडून कोकणातल्या जुन्या कारागिरांचे व्हिडिओ काढण्याचा उद्योग आरंभला आहे. चित्रण, संकलन, हिशेब, सारे एकटीच करते. मला तिचे मोठे कौतुक वाटते.

तिने मला नवी चित्रफीत दाखवली. एक म्हातारा सुतार होडी बांधतो आहे. ती विचारते, "आजोबा, तुमच्यामागे हे काम कोण करणार?" आणि लगेच दुसरेच दृश्य!

"अगं, त्यांनी उत्तर काय दिले?" मी विचारले.

"काहीच नाही, मामा. अर्धा मिनिट नुसते फळीवरून हात फिरवत राहिले. मी ते कापले. तेवढ्यात लोक निघून जातात."

ते अर्धे मिनिट काही माझ्या मनातून जाईना. तेच तर त्या म्हाताऱ्याचे उत्तर होते!

माझे आजोबा रत्नागिरीकडे खोताचे कूळ होते. भात पिकवायचे त्यांनी आणि अर्धेलीचा वाटा घालायचा खोताला. १९३७ साली डॉ. आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. प्रत्यक्ष कायदा व्हायला १९४९ साल उजाडले. पुढे १ एप्रिल १९५७ हा 'कृषक दिन' ठरला आणि 'कसेल त्याची जमीन' हे शब्द कागदावर खरे झाले.

भाचीचीही शेती दुसऱ्याच्याच जमिनीवर आहे. मात्र न्यायाने बोलायचे तर हा खोत उदार म्हणावा लागेल. लांब चित्रफितीवरच्या जाहिरातींच्या उत्पन्नातले शंभरातले ५५ रुपये यूट्यूब करणाऱ्याला देते. पूर्वी छापखाना किंवा थिएटर हाताशी नसलेल्या मुलीला एवढे मोठे अंगण कोणी दिले असते? या वाट्याला पात्र होण्याचा नेहमीचा मार्ग मात्र १,००० वर्गणीदार आणि वर्षात ४,००० तासांचे पाहणे जमवण्याचा आहे.

मग दुखते कुठे? २०१२ साली यूट्यूबने आपले माप बदलले. किती जणांनी चित्रफीत उघडली यापेक्षा किती वेळ पाहिली, याला महत्त्व आले. अमुकच पेरा, असे कोणी कोणाला सांगितले नाही; तरी शिवारातले पीक हळूहळू बदलले. जुना खोत पीक आल्यावर खळ्यावर येई. हा नवा खोत पेरणीच्या आधीच आपल्या मनात येऊन बसतो. कापायला त्याने सांगितलेले नसते. कात्री आपणच उचलतो.

बरे, त्या जमिनीचा भरवसा तरी किती? जून २०२० मध्ये सरकारने टिकटॉकवर बंदी घातली. तो निर्णय योग्य की अयोग्य, हा प्रश्न वेगळा. पण तिथे मेहनतीने जमवलेला प्रेक्षक अनेकांच्या हातून रातोरात गेला. कसणाऱ्याच्या नावावर सातबारा नव्हताच.

"मामा, हे सगळे पटते," भाची म्हणाली, "पण घरभाडे तत्त्वांनी भरत नाही."

खरेच आहे. आजोबांनीही वाटा घातलाच की. पोट असलेल्या माणसाला 'पूर्ण स्वतंत्र हो' असा उपदेश करणे हे भरल्या पोटाचे पाप आहे. पण आजी सांगायची, आमच्या घरामागे परस होते. हातभर जागा. तिथे अळू, कारल्याचा वेल, एक तगर. त्यात ना खोताचा वाटा, ना बाजाराचा भाव. शेतीने घर जगवले, परसाने घराची मान ताठ ठेवली.

मला वाटते, माणसाला आज कायद्याआधी असे परस हवे. सगळे काम मापाला द्यावे, पण एक वाफा राखावा, जिथे जे खरे दिसले तेच ठेवायचे. असा वाफा नसला, तर उद्या जमीन आपल्या नावावर झाली तरी तिच्यात काय पेरायचे, हेच आपल्याला आठवणार नाही.

भाचीने ते अर्धे मिनिट पुन्हा जोडले. मग ती त्या सुतारआजोबांच्या पडवीत जाऊन, त्यांच्या शेजारी बसून, त्यांना ती चित्रफीत दाखवून आली. पाहणारे वाढले की घटले, ते मी विचारले नाही. आजोबांनी मात्र ती दोनदा पाहिली म्हणे.